महागड्या बॅगेचा हिशेब कुठे थांबतो?

जून २०२४मध्ये मिलानच्या न्यायालयाने डिऑर या फ्रेंच फॅशन ब्रँडच्या बॅगा बनवून घेणारी इटलीतली एक उपकंपनी न्यायालयीन देखरेखीखाली आणली. तपासातला एक आकडा जगभर गाजला: दुकानात २,६०० युरोंना विकली जाणारी बॅग जोडून देण्याचे कंत्राटदाराला ५३ युरो मिळत होते. कातड्याचा खर्च त्यात धरलेला नव्हता, हे खरं. पण त्या कारखान्यांत माणसं रात्री-अपरात्री राबत होती, तिथेच झोपत होती, आणि काम भराभर उरकावं म्हणून यंत्रांवरची सुरक्षा साधनं काढलेली होती. उपकंपनीवर फौजदारी आरोप नव्हता. पुरवठादारांवर पुरेसं लक्ष ठेवलं नाही, हा आक्षेप होता. पुढे सुधारणा झाल्यावर देखरेख मुदतीआधीच उठली.

वस्तू महाग म्हणजे कारागिराला मोबदला चांगला, हे गृहीतक इथे कोसळतं. मग ब्रँड तपासायचा कसा? मला वाटतं, शाश्वततेच्या अहवालातला कुठलाही आकडा वाचताना तो पुरवठा साखळीत कुठपर्यंत पोचतो, हे आधी पाहावं.

हरितगृह वायूंचा हिशेब तीन टप्प्यांत मांडतात. पहिल्यात कंपनीने स्वतः जाळलेलं इंधन, दुसऱ्यात विकत घेतलेली वीज, तिसऱ्यात बाकी सगळं: जनावर, टॅनरी म्हणजे कातडं कमावण्याचा कारखाना, सूतगिरणी, वाहतूक. फॅशनमधलं बहुतांश उत्सर्जन या तिसऱ्या टप्प्यात असतं. त्यामुळे सगळी दालनं सौरऊर्जेवर चालतात हा दावा खरा असला तरी त्यातून फारसं काही कळत नाही.

कातड्याचंच पाहा. जगातलं बहुतेक कातडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. क्रोमियम कातड्यातल्या कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंना एकमेकांशी घट्ट बांधतं. टॅनिन या वनस्पतींतून मिळणाऱ्या द्रव्याला जिथे कित्येक आठवडे लागू शकतात, तिथे हे काम एक-दोन दिवसांत होतं. यात वापरलं जाणारं त्रिसंयुजी क्रोमियम तुलनेने सौम्य असतं. प्रक्रिया नीट सांभाळली नाही, तर त्यातलं थोडं षट्संयुजी रूपात बदलू शकतं. ते कर्करोगकारक आहे आणि त्याने त्वचेची ॲलर्जीही होते. म्हणून युरोपीय संघाने २०१५पासून त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत त्याची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम ठरवली. हा नियम बॅग वापरणाऱ्याला जपतो. टॅनरीतल्या कामगाराला आणि सांडपाणी जिथे सोडतात त्या नदीला त्याचा आधार नाही; त्यासाठी टॅनरी कुठली, हे ब्रँडने नावानिशी सांगायला हवं.

मग प्रश्न येतो गायीचा, आणि तो सर्वांत अवघड आहे. गाय मिथेन सोडते, कुरणासाठी कित्येक ठिकाणी जंगल तुटतं. या भारातला किती वाटा मांसाचा आणि किती कातड्याचा? वजनाने वाटणी केली तर एक उत्तर येतं, बाजारभावाने केली तर दुसरं, आणि कातडं हा मांस उद्योगाचा टाकाऊ माल धरला तर उत्तर शून्य. गाय तीच, कुरणही तेच! वाटणी कशी केली हे न सांगणाऱ्या ब्रँडचा चामड्याबद्दलचा आकडा मी विश्वासाने घेऊ शकत नाही.

न विकलेल्या मालाचं काय होतं, हेही विचारावं. बर्बरी या ब्रिटिश फॅशन ब्रँडने एका वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा माल नष्ट केल्याचं २०१८मध्ये त्यांच्याच अहवालातून कळलं. टीका झाल्यावर त्याच वर्षी त्यांनी ही पद्धत बंद केली.

आणखी एका भागाकाराकडे लक्ष हवं. ‘दर युरो विक्रीमागे उत्सर्जन घटलं’ असं काही अहवाल सांगतात. आता तीच बॅग तितक्याच संख्येने विकून किंमत फक्त २५ टक्के वाढवली, तरी दर युरोमागचं उत्सर्जन २० टक्क्यांनी उतरतं. हवेत जाणारा वायू तेवढाच राहतो. गुचीची मालक कंपनी केरिंग हिने २०२३मध्ये वेगळं उद्दिष्ट जाहीर केलं: २०२१च्या तुलनेत २०३५पर्यंत, पुरवठा साखळी धरून, एकूण उत्सर्जनात ४० टक्के घट. असं उद्दिष्ट नुसत्या भाववाढीने गाठता येत नाही. त्यासाठी माल कमी काढावा लागतो, नाहीतर कुरणापासून टॅनरीपर्यंतची कामाची पद्धत बदलावी लागते.