कोस्टर शिवायला देताय? आधी कापड भिजवा

"ओटीत आलेले ब्लाऊजपीस कपाटात पडून आहेत, त्यांचे कोस्टर करून द्याल का?" राजारामपुरीतल्या आमच्या दुकानात हा प्रश्न आठवड्यातून चार-पाच वेळा तरी येतोच. हो, आनंदाने करून देतो. कपा-पेल्याखाली ठेवायला सुती कोस्टर फार चांगले. गार सरबताच्या पेल्याला बाहेरून सुटलेलं पाणी प्लॅस्टिकच्या चकतीवर नुसतं साचून राहतं आणि पेला उचलला की अंगावर टपकतं. सुती कापड ते पाणी पिऊन घेतं.

पण ब्लाऊजपीस घडी न मोडता, कोरा करकरीत आणून "परवा पाहिजेत" असं सांगितलं, की आमची आणि तुमची दोघांचीही पंचाईत होते. कोरं सुती कापड आम्ही भिजवल्याशिवाय कापत नाही. त्यात दोन दिवस जातात. जुलै-ऑगस्टच्या पावसात चारही जातात, कारण त्या दिवसांत कोल्हापुरात कापड वाळता वाळत नाही.

भिजवायचं कशासाठी, तर त्याचं उत्तर मागात आहे. आपल्याकडे इचलकरंजी जवळ असल्यामुळे हे अनेकांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मागावर चढण्याआधी ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं सूत सायझिंगला जातं. धागा तुटू नये म्हणून तिथे त्याला खळ लावतात. मग विणताना तो धागा सतत ओढून धरलेला असतो. कोऱ्या कापडात ही खळ आणि हा ताण दोन्ही कमी-जास्त शिल्लक राहतात. पहिल्यांदा पाणी लागलं की खळ सुटते, धागा सैल होतो आणि कापड आटतं. साध्या सुती कापडात शंभराला तीन ते पाच हा आमचा नेहमीचा हिशोब आहे, आणि तेही बहुतेक वेळा रुंदीपेक्षा लांबीत जास्त.

परकर चार बोटं आटला तरी चालून जातं. कोस्टर असतो 11 सेंटीमीटरचा. वरचं कापड अर्धा सेंटीमीटर आटलं, खालचं आटलं नाही आणि चारही बाजू टिपेने बांधलेल्या, मग ते जाणार कुठे? कोपरे वर उचलतात, भाजलेल्या पापडासारखी वाटी होते आणि कप डुगडुगतो. शिवण कितीही सरळ असली तरी उपयोग नाही. इस्त्रीने तात्पुरतं बसतं, पण पुढच्या धुण्याला पुन्हा तेच.

हे आम्ही ठेच खाऊन शिकलो. सुरुवातीच्या वर्षी एका वास्तुशांतीसाठी भेट म्हणून 36 कोस्टर घाईत, न भिजवता शिवून दिले. पंधरा दिवसांनी त्यातले काही धुऊन वाकडे झालेले परत आले. आम्ही सगळे 36 स्वखर्चाने पुन्हा केले. तेव्हापासून हा नियम आहे, आणि ओळखीच्या ताई-वहिनी असल्या तरी तो मोडत नाही.

घरी भिजवणं अगदी सोपं आहे. रात्री कापड बादलीभर साध्या पाण्यात सोडा. सकाळी पाण्यात हात घालून बघा: पाणी गढूळ दिसतं, बोटांना किंचित बुळबुळीत लागतं. ती खळ. पाणी बदलून थोड्या साबणाने धुवा, न पिळता सावलीत वाळत घाला आणि थोडं दमट असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करा. लाल, मरून, गर्द हिरवं कापड मात्र वेगळं भिजवा. ओल्या कापडावर पांढरा रुमाल घासून बघा. रुमालाला रंग लागला तर तो कापडाचा तुकडा पांढऱ्याबरोबर जोडू नका. पाण्यात मीठ टाकलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण आम्हाला तसा अनुभव आलेला नाही.

दुसरी तक्रार संख्येची असते. 80 सेंटीमीटर लांब, 90 सेंटीमीटर पन्ह्याच्या ब्लाऊजपीसमध्ये 13 सेंटीमीटरचे 36 चौकोन बसतात, म्हणजे दोन्ही बाजूंना तेच कापड लावून 18 कोस्टर. आम्ही 15च देतो, कारण भिजवल्यावर लांबी 77च्या आसपास येते आणि चौकोनांची एक अख्खी ओळ जाते. उरलेली पट्टी आम्ही ठेवून घेत नाही, पिशवीत घालून परत देतो.

कापड सुती आहे की नाही याची शंका असेल तर काठाचा एक धागा काढून जपून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टरचा वितळून कडक मणी होतो. पॉलिस्टर आटत नाही, पण पाणीही नीट पीत नाही, त्यामुळे त्याचे कोस्टर करू नका असंच आम्ही सांगतो. खण वरच्या बाजूला शोभून दिसतो. त्याखाली आम्ही भिजवलेला मांजरपाट लावतो आणि असे कोस्टर गार पाण्यात हातानेच धुवावेत.

आत फोम का घालत नाही, हेही बरेच जण विचारतात. फोम जाड असल्याने कप डळमळतो. आपल्याकडे वाकळीत जुनी धुतलेली लुगडी घालतात, तीच रीत आम्ही ठेवली आहे: आत धुतलेल्या फ्लॅनेलचे दोन थर. चहाच्या कपाला ते पुरतात. गॅसवरून उतरवलेलं रश्श्याचं पातेलं त्यावर ठेवू नका, त्यासाठी जाड आसन वेगळं शिवून मिळेल.

घरी शिवणाऱ्यांसाठी एवढंच: उलटवण्यासाठी ठेवायचं तोंड कोपऱ्यात नको, एका बाजूच्या मधोमध चार बोटं ठेवा. उलटवण्याआधी कोपऱ्याचं जादा कापड टिपेपासून दोन मिलिमीटर सोडून तिरकं छाटा. कोपरा बाहेर काढायला कातरीचं टोक घालू नका, टीप उसवते. विणकामाची बोथट सुई घ्या. शेवटी कडेपासून अर्ध्या सेंटीमीटरवर चारही बाजूंनी टीप मारली की तोंडही बंद होतं.

ज्यांना भिजवण्याचा व्याप नको त्यांच्यासाठी सहा कोस्टरचं तयार साहित्य दुकानात असतं: भिजवून, इस्त्री करून कापलेले 12 चौकोन, फ्लॅनेल आणि जुळता दोरा. तुमचंच कापड असेल तर भिजवणं-इस्त्रीही आम्ही करतो, फक्त दोन दिवस जास्त धरा. घरून भिजवून आणलेलं कापड पूर्ण वाळवून आणा आणि गर्द रंगाचे तुकडे वेगळ्या पिशवीत घाला.