ध्रुवीय प्रदेशांतील परकीय जाती

अंटार्क्टिका खंड, त्याच्या भोवतालची बेटे आणि आर्क्टिक प्रदेश येथे मूळच्या नसलेल्या, माणसाच्या ये-जा करण्यामुळे तेथे पोहोचून रुजलेल्या वनस्पती, प्राणी व सूक्ष्मजीव यांना ध्रुवीय प्रदेशांतील परकीय जाती म्हणतात. त्यांपैकी ज्या पसरून मूळ जीवसृष्टीला बाधा आणतात, त्या आक्रमक जाती होत. मराठी लेखनात दोन्हींसाठी सरसकट ‘विदेशी’ हा शब्द येतो. ज्या खंडावरील देशोदेशींचे दावे १९५९ च्या अंटार्क्टिक करारान्वये स्थगित आहेत, तेथे देशी-विदेशी हा भेद फारसा कामाचा नाही; म्हणून येथे ‘परकीय’ हीच संज्ञा वापरली आहे.

नागपूरकडच्या वाचकाला आक्रमक जाती नवलाच्या नाहीत. नाल्याकाठची बेशरम, पडीक जागेतले गाजरगवत आणि अंबाझरी तलावावरची जलपर्णी या तिन्ही मूळच्या अमेरिका खंडांतील. परंतु येथे त्यांना शेकडो स्थानिक वनस्पतींच्या गर्दीत जागा काढावी लागली. अंटार्क्टिकात ती गर्दीच नाही. सपुष्प वनस्पतींच्या मूळच्या जाती दोनच : डेशँप्सिया अंटार्क्टिका हे गवत आणि कोलोबँथस क्विटेन्सिस ही उशीसारखी गच्च वाढणारी वनस्पती. पेंग्विन व सील यांचे पोट समुद्रावर चालते. निव्वळ जमिनीवर जगणारा खंडावरील सर्वांत मोठा प्राणी म्हणजे बेल्जिका अंटार्क्टिका हा काही मिलिमीटर लांबीचा पंखहीन कीटक. अशा ठिकाणी आलेली एकही नवी जाती किरकोळ मानता येत नाही.

मूळचेपणाचा प्रश्न : एखादी जाती परकीय ठरविण्यासाठी मूळचे काय होते हे आधी ठरवावे लागते, आणि त्याचे उत्तर आपण कोणता काळ धरतो यावर अवलंबून असते. नागपूरजवळच्या कामठीवरून ज्यांना नाव मिळाले त्या कामठी वालुकाश्मांत ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वृक्षाच्या पानांचे जीवाश्म सापडतात. हे खडक उत्तर पर्मियन काळातील (सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचे), काहींच्या मते वरचे थर त्यानंतरच्या ट्रायासिक काळापर्यंत पोहोचणारे, असे मानले जाते. नागपुरात राहिलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी सिलेवाडा व आसपासच्या खाणींतून जमविलेल्या नमुन्यांचे वर्णन चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे फेब्रुवारी १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवाहून परतताना ब्रिटिश समन्वेषक रॉबर्ट स्कॉट यांच्या तुकडीने बिअर्डमोर हिमनदीजवळ सुमारे १६ किग्रॅ. खडक गोळा केले आणि अखेरपर्यंत टाकले नाहीत. त्यांतही ग्लॉसोप्टेरिस असल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ ए. सी. सीवर्ड यांनी १९१४ मध्ये दाखविले. गोंडांच्या प्रदेशावरून आलेली ‘गोंडवन’ ही संज्ञा (पुढे भारत, अंटार्क्टिका आदी भूभाग जेथे जोडलेले होते त्या प्राचीन महाखंडाचे नाव) भूवैज्ञानिक मेडलिकॉट यांनी १८७२ च्या सुमारास योजिली व फाइस्टमांटेल यांच्या १८७६ च्या लेखात ती छापील स्वरूपात आली. श्रेय कोणाला द्यावे याबद्दल थोडी मतभिन्नता आहे. एकेकाळी कामठी व अंटार्क्टिका यांवर एकाच वंशाची अरण्ये होती. त्यामुळे ‘मूळचे’ याचा अर्थ भूवैज्ञानिक घेणे निरुपयोगी ठरते. माणूस तेथे पोहोचण्यापूर्वी जे स्वबळावर नांदत होते ते मूळचे, ही व्यावहारिक व्याख्या बहुतेक अभ्यासक स्वीकारतात. ती जमिनीवर बऱ्यापैकी चालते, समुद्रात अडखळते.

प्रसाराचे मार्ग : पावसाळा सरल्यावर सेमिनरी हिल्सवर फिरून आलेल्याच्या पायजम्याला कुसळे चिकटलेली असतात, तसाच हा प्रवास आहे. बूट, कपड्यांचे खिसे, पाठपिशव्या, ताजी भाजी, लाकडी खोकी व बांधकामाची यंत्रे यांतून बिया आणि कीटक जातात. २००७–०८ च्या उन्हाळी हंगामात केलेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ज्यांच्या सामानात बिया मिळाल्या त्या प्रवाशांकडे सरासरी ९.५ बिया आढळल्या. त्या हंगामात एकूण सुमारे ७०,००० बिया खंडावर गेल्या असाव्यात असा अंदाज निघाला. त्यांपैकी निम्म्याच्या आसपास थंड प्रदेशांतील वनस्पतींच्या होत्या. धोका आहे तो याच बियांचा. विदर्भातील कुसळ तेथे रुजणार नाही.

भूचर जाती : पोआ ॲन्युआ हे गवत अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या किंग जॉर्ज बेटावरील पोलंडच्या आर्क्टोव्हस्की स्थानकाजवळ १९८५–८६ च्या उन्हाळ्यात प्रथम नोंदले गेले. आरंभी ते इमारतींभोवतीच्या उकरलेल्या मातीत होते, पुढे मागे सरणाऱ्या इकॉलॉजी हिमनदीने मोकळ्या केलेल्या जमिनीवरही आढळले. बेशरमेची तोडलेली फांदी जेथे पडेल तेथे मूळ धरते. पोआची चिकाटी निराळी, ती मातीत साठून राहिलेल्या बियांत आहे. त्यामुळे रोपे उपटूनही काम संपत नाही.

अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या ईशान्येकडील सिग्नी बेटावरील एरेटमॉप्टेरा मर्फी या पंखहीन कीटकाचे उदाहरण अधिक बोधक आहे. तो मूळचा दक्षिण अटलांटिकमधील साउथ जॉर्जिया बेटाचा. १९६० च्या दशकात केलेल्या वनस्पती-रोपणाच्या प्रयोगांबरोबर तो सिग्नीवर आला असे मानतात. म्हणजे आणणारे संशोधकच. त्याच्या अळ्या कुजणारे सेंद्रिय द्रव्य खातात. गांडुळे नसलेल्या त्या मातीत या कामामुळे नायट्रोजनाचे प्रमाण काही ठिकाणी ३ ते ५ पटींनी वाढलेले दिसले. कोणतीही मूळ जाती न खाता मातीचा स्वभावच पालटणारा असा हा आक्रमक आहे.

खेकड्यांचा वाद : अंटार्क्टिक उथळ समुद्रतळावर कवच फोडून खाणारे भक्षक जवळजवळ नाहीत. तेथील शिंपले, भंगुरतारे व समुद्रकमळे यांची कवचे व सांगाडे त्यामुळे नाजूक राहिले, असे म्हणतात. अतिथंड पाण्यात खेकड्यांना रक्तद्रवातील मॅग्नेशियम आयनांचे प्रमाण आटोक्यात ठेवता येत नाही आणि त्यांच्या हालचाली मंदावतात, हे याचे शरीरक्रियात्मक कारण दिले जाते. मात्र येथे खोलवरचे पाणी पृष्ठालगतच्या पाण्यापेक्षा किंचित उबदार असते. २०१० मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पालगतच्या पामर डीप या सागरी द्रोणीत, ८५० मी.हून अधिक खोलीवर, राजखेकड्यांची मोठी वस्ती यांत्रिक पाणबुडीने टिपली. ती सुमारे १५ लक्ष असावी असा अंदाज २०११ मध्ये मांडला गेला. तापमानवाढीमुळे खेकडे लाखो वर्षांनंतर परतत आहेत, असा एका गटाचा निष्कर्ष आहे. दुसऱ्या गटाने २०१३ मध्ये जुन्या नोंदी व संग्रह तपासून असे दाखविले, की दक्षिण महासागरात राजखेकडे पूर्वीपासून आहेत. कॅमेरे नव्याने पोहोचले इतकेच.

द्वीपकल्पाजवळच्या सेमूर बेटावरील इओसीन काळाच्या (सुमारे ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वीच्या) थरांत खेकड्यांचे जीवाश्म मिळतात, नंतरच्या काळाचे क्वचितच मिळतात, हा पहिल्या पक्षाचा आधार. परंतु इओसीननंतरचे जीवाश्मयुक्त खडक मुळातच बहुतांशी बर्फाखाली गेलेले आहेत. जेथे पानेच फाटलेली आहेत, तेथे मजकूर नव्हता असे म्हणता येत नाही. म्हणून दुसरे मत अधिक सावध वाटते. मात्र पाणी तापत गेल्यास हेच खेकडे उतारावरून उथळ भागात चढू शकतील, याबद्दल दोन्ही पक्षांत फार अंतर नाही.

हवामानबदलाचा संबंध : अंटार्क्टिका हा सागरप्रवाहांनी तोडलेला किल्ला आहे, ही समजूत २०१७ मध्ये किंग जॉर्ज बेटावर वाहून आलेल्या ड्युर्व्हिलिया या समुद्रशैवालाने ढासळली. जनुकीय तपासणीत त्यांतील काही दक्षिण हिंदी महासागरातील केर्गेलेन बेटांकडचे निघाले. त्यांनी सुमारे २०,००० किमी. प्रवास केला असावा. तेव्हा तटबंदी अंतराची कमी आणि थंडीची जास्त होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अंटार्क्टिक द्वीपकल्पाचे तापमान सुमारे ३° से. वाढले, शतकाच्या अखेरीस ही वाढ काही काळ थांबल्याचेही नोंदले आहे. ६ फेब्रुवारी २०२० रोजी द्वीपकल्पावरील अर्जेंटिनाच्या एस्पेरांझा स्थानकावर १८.३° से. तापमान नोंदले गेले.

आर्क्टिक : येथे जमीन खंडांशी जोडलेली असल्याने जातीचे उत्तरेकडे सरकणे व परकीय जातीचे आगमन यांत सीमारेषा अंधुक आहे. स्वालबार या नॉर्वेच्या द्वीपसमूहात २००४ मध्ये सापडलेले निळे शिंपले सुमारे १,००० वर्षांनी परतलेले मानतात. त्यांना परकीय म्हणावे काय, हा प्रश्न उरतोच. तेथील ग्रुमान्त या जुन्या खाणवस्तीच्या परिसरातील व्होल हे उंदरासारखे प्राणी मात्र जनावरांच्या चाऱ्याबरोबर आले असावेत. बॅरेंट्स समुद्रातील लाल राजखेकडे सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मुद्दाम सोडले.

नियंत्रण : अंटार्क्टिक कराराला जोडलेल्या १९९१ च्या पर्यावरणरक्षणविषयक माद्रिद प्रोटोकॉलने (अंमल १९९८) परवान्याविना परकीय जाती नेण्यास बंदी घातली, त्यानुसार १ एप्रिल १९९४ पर्यंत स्लेज ओढणारे कुत्रेही परत न्यावे लागले. सील शिकाऱ्यांच्या जहाजांतून, बहुधा अठराव्या शतकाच्या अखेरीस, साउथ जॉर्जियावर आलेले उंदीर हेलिकॉप्टरमधून विषारी आमिषे टाकून संपविण्यात आले व २०१८ मध्ये ते बेट उंदीरमुक्त जाहीर झाले. भारत अंटार्क्टिक करारात १९८३ पासून आहे. २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक अधिनियमान्वये तेथे मूळचे नसलेले प्राणी, पक्षी, वनस्पती वा सूक्ष्मजीव भारतीय मोहिमांनाही परवान्याविना नेता येत नाहीत.