इंग्लंडमधील मध्ययुगीन ग्रामनामे व मॅनर

इंग्लंडमधील बहुतेक गावांची नावे पाचव्या ते अकराव्या शतकांत अँग्लो-सॅक्सन आणि त्यांच्यामागून आलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या बोलींतून घडली. त्यांतल्या काहींना पुढे जोडलेली आडनावे मात्र फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन जमीनदारांची आहेत. ‘टन’ म्हणजे शेतवाडी, ‘ली’ म्हणजे रान तोडून मोकळी केलेली जागा, तर बर्मिंगहॅम म्हणजे बेओर्मा नावाच्या माणसाच्या कुळाची वस्ती. डेन, म्हणजे डेन्मार्ककडून आलेल्या लोकांच्या अमलाखालील प्रदेशात ‘बी’ (गाव) आणि ‘थॉर्प’ (वाडी) हे प्रत्यय दाट आढळतात. डर्बी हे त्यांतलेच एक; त्याचे जुने नाव नॉर्थवर्थी होते.

1066 च्या नॉर्मन विजयानंतर जमिनीचे धनी बदलले, नावे सहसा टिकली. नॉर्मन राजा पहिला विल्यम याने 1085 च्या नाताळात ग्लॉस्टर येथे ठरवलेल्या पाहणीतून 1086 ची ‘डोम्सडे’ ही दप्तरवही तयार झाली. तिच्यात 13,000 हून अधिक ठिकाणे आहेत आणि अनेक नावांची ती पहिलीच लेखी नोंद होय. त्या काळच्या स्नॉटिंगहॅममधील आरंभीचा ‘स’ नॉर्मन जिभेला जड गेला आणि पुढे गळून नॉटिंगहॅम उरले. इंग्रजीत ‘स्नॉट’ म्हणजे शेंबूड, त्यामुळे याचे तेथील रहिवाशांना फारसे दुःख नसावे.

या पाहणीचा भर गावापेक्षा मॅनरवर होता. मॅनर म्हणजे एका धन्याची जहागीर: तिच्यात त्याची खासगत जमीन, कुळांची शेते, कुळांनी द्यायची वेठ आणि तंटे तोडणारे न्यायालय हे सर्व येई. एका गावात दोन मॅनर असू शकत, आणि दुहेरी नावांचा उगम बऱ्याचदा येथेच सापडतो. लेस्टरशरमधील किबवर्थ, म्हणजे किब्बाचे कुंपण, दोन घराण्यांत विभागले गेल्याने किबवर्थ बोशँप आणि किबवर्थ हार्कोर्ट अशी दोन गावे शेजारीशेजारी उभी राहिली. हार्कोर्टांचा मॅनर तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजकडे गेला, तरी नाव हार्कोर्टांचेच राहिले. स्टोक हे नाव तर देशभर विखुरलेले असल्याने स्टोक मँडव्हिल, स्टोक पोजेस असे धन्याचे नाव जोडल्यावाचून ओळख पटणे कठीण होते. धनी मठ असेल तर ॲबट्स लँग्ली, राजा असेल तर किंग्ज लँग्ली.

1290 च्या कायद्याने जहागिरीखाली नवी पोटजहागीर निर्माण करणे बंद झाले, त्यामुळे नवे मॅनरही थांबले. मॅनरच्या दप्तरातील नोंदीवर आधारलेली कुळवहिवाट 1 जानेवारी 1926 रोजी संपुष्टात आली. मॅनरच्या धनीपणाचा किताब मात्र अजूनही विकला जातो. त्यासोबत जमीन मिळतेच असे नाही.