मज्जेतली जाळी: ल्युपसची की स्वतंत्र आजाराची?

'मायलोफायब्रोसिस' हा शब्द रिपोर्टमध्ये टाइप करताना माझा हात दर वेळी थबकतो. घरी कुणीतरी तो मोबाइलवर शोधणार, 'रक्ताचा दुर्मीळ कर्करोग' असं वाचणार आणि त्या रात्री चूल पेटणार नाही, हे मला माहीत असतं. मागे हिंगण्याहून एक तरुण बहिणीचा रिपोर्ट घेऊन आमच्या लॅबच्या काउंटरशी उभा राहिला. "मॅडम, हा कॅन्सर होय का?" बहीण बत्तीस वर्षांची, ल्युपसची (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजाराची) जुनी पेशंट. तिला कॅन्सर नव्हता. पण रिपोर्टमधला शब्द तोच होता.

गोंधळ इथेच होतो. मज्जेत, म्हणजे हाडाच्या आत रक्त तयार करणाऱ्या गरात, तंतू वाढलेत, एवढंच तो शब्द सांगतो. ते कुणी वाढवले, हा पुढचा प्रश्न. कोवळं दोडकं कापलं की आत मऊ गर असतो. तेच जून झालं की गराच्या जागी जाळी होते. मज्जेचंही तसंच. कमरेच्या हाडात सुई घालून सिरिंज ओढली तर एरवी लालसर, दाणेदार मज्जा येते. इथे ओढत राहा, काही येत नाही. याला आम्ही 'ड्राय टॅप' म्हणतो. मग हाडाचा बारीकसा तुकडा काढावा लागतो. चांदीच्या क्षाराने रंगवला की त्यात रेटिक्युलिनचे, म्हणजे त्याच तंतूंचे, काळे धागे दिसतात. शून्य ते तीन अशी त्यांची प्रत ठरते.

प्रायमरी मायलोफायब्रोसिसमध्ये, म्हणजे मोबाइलवर सापडतो त्या कर्करोगात, बिघाड रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशीतच असतो. निम्म्याहून अधिक रुग्णांत जॅक-२ या जनुकातला बदल सापडतो (तो 2005 मध्ये उघड झाला), बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांत सीएएलआर किंवा एमपीएलमधला. बिघडलेल्या मेगाकॅरिओसाइट, म्हणजे प्लेटलेट बनवणाऱ्या मोठ्या पेशी, तंतू वाढवणारी रसायनं सोडतात. ल्युपसमध्ये पेशी मुळात धडधाकट असतात. स्वतःच्याच शरीरावर उलटलेली प्रतिकारशक्ती त्यांना डिवचते आणि तशीच रसायनं बाहेर पडतात. म्हणून धागे दोन्हीकडे सारखेच दिसतात आणि नुसते धागे मोजून निदान होत नाही.

मी धागे सोडून आजूबाजूला बघते. प्रायमरीत मेगाकॅरिओसाइटचे घोळके असतात, केंद्रकं ढगासारखी बेढब. ल्युपसमध्ये त्या बऱ्यापैकी नीटनेटक्या दिसतात आणि मधूनमधून लिम्फोसाइटचे (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे) पुंजके सापडतात. रक्ताच्या स्लाइडवर अश्रूच्या थेंबासारख्या लाल पेशी भरपूर असतील तर प्रायमरीचा संशय बळावतो, ल्युपसमध्ये त्या तुरळक. वय साधारण साठीचं की तिशीचं, हेही बघावंच.

पाणथरीचं (प्लीहेचं) मात्र विदर्भात जपून. पुस्तक सांगतं की प्रायमरीत पाणथरी खूप वाढते, ल्युपसमध्ये फारशी नाही. पण आपल्याकडे सिकलसेल घरोघरी, आणि त्या रुग्णांत मोठेपणीही पाणथरी वाढलेली असू शकते. त्यामुळे इलेक्ट्रोफोरेसिस (सिकलसेल ओळखणारी रक्ततपासणी) झालं नसेल तर पाणथरीवरून निष्कर्ष काढू नये. दुसरी अडचण टीबीची. टीबीनेही मज्जेत तंतू वाढतात, रक्त कमी होतं, ताप राहतो. तो न तपासता स्टिरॉइड सुरू केलं तर टीबी उसळतो.

एएनए ही स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी स्वस्त आणि सोपी. माझ्या मते तंतू दिसलेल्या प्रत्येकाची ती व्हावी, कारण कधीकधी ल्युपस पहिल्यांदा मज्जेतूनच डोकं वर काढतो. पण नुसत्या पॉझिटिव्ह एएनएवर विसंबू नये, प्रायमरीच्या काही रुग्णांतही तो येतो. उलट बाजूही तशीच: प्रायमरीच्या दहापैकी साधारण एकात वरचे तिन्ही जनुकीय बदल नसतात. म्हणून डीएसडीएनए आणि कूम्ब्स (प्रतिपिंडांच्या आणखी दोन रक्ततपासण्या), सांधे, लघवीतलं प्रथिन, गालावरचं चट्टं, उन्हात गेल्यावर त्वचा भाजल्यासारखी होणं (नागपूरच्या मे महिन्यात हे 'ऊन बाधलं' म्हणून सोडून दिलं जातं), हे सगळं एकत्र मांडावं लागतं.

एवढा आटापिटा उपचारासाठी. प्रायमरीत रक्सोलिटिनिब या औषधाने पाणथरी आणि त्रास कमी होतो, पण मुळापासून बरं करणारा उपाय एकच: मज्जा प्रत्यारोपण, तेही सगळ्यांना झेपणारं नाही. ल्युपसच्या मज्जेला बहुतेकदा स्टिरॉइड लागू पडतं. काही आठवड्यांत हिमोग्लोबिन, प्लेटलेट वर सरकू लागतात. धागे विरायला जास्त वेळ लागतो, कधी थोडे राहूनही जातात, तरी रक्त सुधारलेलं असतं. फक्त बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंद करायची नाही, डॉक्टर सांगतील तशी हळूहळू उतरवायची.

हिंगण्याच्या त्या ताईच्या नमुन्यासोबत आलेल्या फॉर्मवर 'अशक्तपणा, रक्त कमी' एवढंच लिहिलेलं होतं. ल्युपसचं नाव नव्हतं. लिम्फोसाइटचे पुंजके दिसले म्हणून मी भावाला फोन लावला, तेव्हा तो म्हणाला, "हो, सहा वर्षांपासून त्याच्याच गोळ्या सुरू आहेत." तुमच्या माणसाची बायॉप्सी असेल तर फॉर्मवर जुना आजार आणि चालू गोळ्यांची नावं स्वतः उभं राहून लिहून घ्या.