मिरगात कूलर का थकतो?

मे महिन्यात पारा 45वर असताना कूलरसमोर खाट टाकली की डोळा लागतो. मिरग लागतो, आभाळ भरून येतं, पारा 38वर उतरतो, आणि तोच कूलर नुसता ओलसर वारा फेकू लागतो. विदर्भात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आपलं अंगही असाच एक कूलर आहे, हे मात्र चटकन ध्यानात येत नाही.

एक लिटर घाम वाळताना अंगातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता नेतो. नुसता निथळून गेला तर जवळपास काहीच नेत नाही. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की दिसणारं तापमान ही त्या गारव्याची सीमा. हवा 45 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर ती सीमा 24च्या आसपास येते. हवा 38 आणि आर्द्रता 60 टक्के झाली की थेट 31. तापलेली त्वचा असते साधारण 35 अंश. म्हणजे मे महिन्यात अकरा अंशांची मोकळीक, मिरगात जेमतेम चार. (मे निर्धोक आहे असं नव्हे. पोटात पाणीच नसेल तर तेंदूपत्ता तोडणाऱ्याला घाम येणार कुठून?)

मैदानी भागात पारा निदान 40 गाठल्याशिवाय उष्णतेची लाट धरत नाहीत. दमट उकाड्याचा इशारा वेगळा असतो, पण गावात चर्चा आकड्याचीच.

शिवाय इशारा सांगतो, दुपारी घरात थांबा. कोणत्या घरात? माकडांनी कवेलू फोडले, दरवर्षीची शाकारणी परवडेना, म्हणून टिना आल्या. तापलेली टिन खाली खाटेवरच्या माणसावर उष्णता फेकत राहते, त्यात लाइन गेली की कूलरही बंद. त्यापेक्षा कडुनिंबाखालचा पार बरा. आपत्तीचा इशारा तहसीलमधून येतो, घरकुलाची फाइल पंचायत समितीत फिरते. टिनेला चुना फासायचं काम मात्र कुणाच्याच खात्यात नाही. मला तर तोच इशाऱ्याचा अर्धा भाग वाटतो. पांढरा चुना बरंचसं ऊन परतवतो, छत कमी तापतं, तेवढा घामाचा भार हलका होतो.

होळीनंतर दोन हात मारले की मिरगापर्यंत टिकतो. मग पावसात धुऊन जातो, पुढच्या साली पुन्हा.