रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून गोळी बंद?

"रिपोर्ट नॉर्मल आला की बीपीची आणि कोलेस्टेरॉलची गोळी बंद करा, नाहीतर सवय लागते" हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. पटतोही, कारण ताप उतरला की आपण गोळी थांबवतोच.

पण कोलेस्टेरॉल मुख्यतः आपलं यकृतच तयार करतं. स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी त्या कामाला रोज आवर घालते. ती सुटली की काही आठवड्यांत एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) पुन्हा वर जातं, आणि दुखत-खुपत काहीच नाही. बीपीचंही तसंच. म्हणजे नॉर्मल रिपोर्ट ही गोळी लागू पडल्याची खूण. सवय लागणारी ही औषधं नाहीत. दोन्ही त्रास एकत्र असतील तर जास्तच जपा. वाढलेला दाब रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा करतो आणि तिथेच चरबी साचते.

बीपीचा पडताळा घरी घेता येतो. दादरचा पूल चढून-उतरून घरी आल्याआल्या बीपी मोजू नका. ५ मिनिटं पाठ टेकून शांत बसा, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत, आधीच्या अर्ध्या तासात चहा नको. मिनिटाभराने पुन्हा मोजा, दोन्ही आकडे वहीत लिहा. वजन उतरलं, मीठ कमी झालं, तर डोस कमी होऊही शकतो. पण ती वही आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलचा रक्त तपासणी रिपोर्ट) डॉक्टरांपुढे ठेवूनच.