तारो
तारो हे जपानमधील होन्शू बेटाच्या ईशान्येस, इवाते प्रांताच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील माजी नगर. ६ जून २००५ रोजी ते नीसातो गावासह शेजारच्या मियाको शहरात विलीन झाले. नगरपालिका गेली, तरी ‘तारो’ हे नाव त्या भागाला आजही आहे. वाकामे हे खाद्य समुद्रशैवाल आणि मासेमारी हा इथला जुना आधार. किनाऱ्यावर उभा असलेला सान्नोइवा हा सुमारे ५० मीटर उंचीचा खडक प्रेक्षणीय आहे.

तारो ओळखले जाते ते मात्र भिंतीमुळे. सानरिकूच्या या दंतुर किनाऱ्यावर त्सुनामी अरुंद उपसागरात शिरली की तिची उंची वाढत जाते. १८९६ च्या त्सुनामीत इथे १,८५९ माणसे दगावली. ३ मार्च १९३३ च्या त्सुनामीने आणखी ९११ बळी घेतले. उंचावर वस्ती हलवावी तर सगळ्यांना पुरेल एवढी जागा नव्हती आणि समुद्रापासून लांब गेले तर कोळ्यांचे पोट चालत नव्हते. म्हणून गावाने १९३४ मध्ये स्वतःच्या हिमतीवर भिंत बांधायला घेतली. युद्धामुळे काम रखडले आणि १,३५० मीटरची पहिली भिंत १९५८ मध्ये पुरी झाली. तिची रचना लाटेला छातीवर घेण्याची नव्हती. पाणी बाजूला वळवायचे आणि लोकांना डोंगराकडे पळायला वेळ मिळवून द्यायचा, हा तिचा हेतू. रस्तेही त्यासाठीच सरळ डोंगराकडे जाणारे आखले. ही दूरदृष्टी भिंतीच्या उंचीहून मोलाची म्हणावी लागेल.

पुढे भिंती वाढत गेल्या. एकूण लांबी २,४३३ मीटर, उंची सुमारे १० मीटर. लोक तिला ‘चीनची भिंत’ म्हणू लागले. जुन्या भिंतीच्या बाहेर, नव्या भिंतीच्या आडोशाने घरे उभी राहिली. ११ मार्च २०११ रोजी लाटा भिंतींवरून आत आल्या. समुद्राला थेट सामोरी असलेली नवी पूर्वेकडची भिंत कोसळली, जुनी टिकली. तारोत १८१ जण मृत वा बेपत्ता झाले.

त्यानंतर डोंगर सपाट करून वर नवी वसाहत वसवण्यात आली आणि समुद्राच्या बाजूला १४.७ मीटर उंचीची नवी भिंत बांधण्यात आली. चौथ्या मजल्यापर्यंत बुडालेले तारो कांको हॉटेल आपत्तीची खूण म्हणून जतन केले आहे. त्याच्या खालच्या दोन मजल्यांचा केवळ पोलादी सांगाडा उरला आहे.